मोठ्यानं वाचलेली तार

मी एक दुपट्टा बोलतोय. खांद्यावर टाकायचा, लाल काठाचा, पाच हात लांब. आता मी पाच हात उरलेलो नाही, पण ते पुढे येईलच. मला बोलायची फारशी सवय नाही. माझे ऐन उमेदीचे दिवस अशा ठिकाणी गेले, जिथे तोंडातून शब्द काढणं हाच मोठा गुन्हा समजत.

माझा कापूस अमरावतीच्या बाहेर नत्थुजी माळ्याच्या वाडीत पिकला. वाडी तशी भाजीची. वांगी, मेथी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, चार ओळी फक्त बांधाला, घरच्या वापरापुरत्या. नत्थुजीची बायको पार्बताबाई सकाळी भाजी विकून यायची आणि दुपारी ओसरीवर सूत काढत बसायची. ते सूत अंजनगावच्या एका कोष्ट्याकडे गेलं आणि त्याच्या मागावर मी जन्माला आलो. घट्ट विणीचा. हे मी फुशारकीनं सांगत नाही, माझ्या विणीमुळेच पुढचं सगळं घडलं.

मी विणला गेलो तेव्हा कापसाला कुणी फारसं पुसत नव्हतं. वर्ष-दीड वर्षात अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातलं बोंड न् बोंड मुंबईच्या वाटेला लागलं. माझा कोष्टी रिकाम्या मागापुढे बसून राहिला. माझ्या पाठीवर दुसरं भावंड झालंच नाही. म्हणून पार्बताबाईनं मला पेटीत घालून ठेवलं. म्हणाली, "भगवंत मुंबईहून आला का त्याच्या खांद्यावर टाकीन."

भगवंत म्हणजे तिचा धाकटा. थोरला सूर्यभान. दोघांनाही नत्थुजीनं एकाच दिवशी पंतोजींच्या शाळेत बसवलं होतं. पण विहिरीवर मोट होती आणि मोटेला माणूस लागतो. अकराव्या दिवशी नत्थुजी शाळेत गेला, दोन्ही मुलांचे दंड दाबून पाहिले आणि ज्याचा दंड भरला होता त्याला उठवून घरी आणलं. सूर्यभान मोटेवर गेला. भगवंत शिकत राहिला, सरकारी शाळेत गेला, आणि कॅम्पातल्या ज्या साहेबाच्या बंगल्यावर नत्थुजी भाजी देत असे त्याच्या चिठ्ठीवर पुढे मुंबईला पोचला. घरात या निवाड्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. दंड मात्र सूर्यभानाला आठवत असावा.

तीन वर्षांनी भगवंत परत आला. मुंबईच्या युनिव्हर्सिटीची पहिली परीक्षा तो पास झाला होता. खरी पदवी तिच्या पुढच्या पायरीवर होती, ती त्याला घ्यायचीही होती, पण नत्थुजीच्या कमरेनं दगा दिला आणि घरून बोलावणं गेलं. आमच्या वस्तीला, माळीपुऱ्याला, या पायऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. कागदावर शिक्का आहे ना, मग झालं.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. पार्बताबाईनं मला पेटीतून काढून भगवंताच्या खांद्यावर टाकलं. कागद हातोहात फिरला. कुणी तो उन्हाकडे धरून पाहिला, कुणी चिमटीत धरून जाडी पाहिली. बाजारात जे करतात तेच.

"कागद चांगला हाय," शेजारची माणिकबाई म्हणाली. "पण भगवंता, यानं भेटते काय बाप्पा?"

"नोकरी भेटीन, मावशी."

सूर्यभान सगळ्यांत शेवटी आला. मोटेवरून आला होता, हात ओले होते, म्हणून त्यानं कागदाला हात लावला नाही. म्हणाला, "वाचून दाखव."

भगवंतानं वाचला. इंग्रजीत, खणखणीत. मुंबईच्या शाळेत त्याला एकच शाबासकी वारंवार मिळाली होती, ती आवाजाची. वाचताना शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे, असा तिथल्या साहेब मास्तरांचा दंडक. इथे तो आवाज पारापासून पार विहिरीपर्यंत गेला.

"वाजते तं चांगलं," सूर्यभान म्हणाला. मग बोलला, "हे पाह्य भगवंता. मी अकरा दिस शाळेत गेलो अन् अकरा वर्षं मोट हाकली. तुह्या कागदानं या घराले एक डाव काही तरी द्यावं. मंग मी समजीन का माही मोट फुकट नाई गेली."

आवाजात राग नव्हता. म्हणूनच भगवंताच्या मनाला ते लागलं. त्याचा खांदा माझ्याखाली आखडला, ते मला कळलं. त्या दिवसापासून तो जिथे जिथे गेला, तिथे नोकरी मागायला गेला असं लोक म्हणत. मला ठाऊक आहे, तो भावाच्या अकरा वर्षांची भरपाई शोधत होता.

कागद माझ्यात गुंडाळून आम्ही दोघं आधी एका कचेरीत गेलो. शिरस्तेदार पुण्याकडचे होते. त्यांनी कागद दोन बोटांनी उलगडला.

"इंग्रजी येतं?"

"येतं."

"भूमिती, युक्लिड?"

"येतो."

"मोडी लिहून दाखवा."

भगवंतानं लिहिलं. बाळबोध वळणाच्या माणसानं मोडी लिहावी तसंच ते होतं, सुटं सुटं. शिरस्तेदारांनी ते बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "युक्लिडाचे अर्ज आमच्याकडे येत नाहीत. रयतेचे येतात, मोडीत येतात. आधी हात बसवा, मग या." बोलणं टोचणारं होतं, पण खोटं नव्हतं.

मग आम्ही रुळांच्या कामावरच्या साहेबाकडे गेलो. बडनेऱ्याकडे मातीचा भराव चालला होता. भगवंताचं इंग्रजी ऐकून साहेब खूश झाला. कागद पाहून त्यानं मान डोलावली आणि विचारलं, मजूर किती आणू शकतोस? भगवंताच्या हाती एकही मजूर नव्हता. कापसाच्या कामाला माणसं अशी पळाली होती की नत्थुजीची मेथी खुडायलासुद्धा बाई मिळत नव्हती. ज्याच्याकडे एक बंडी आणि दोन बैल, तो त्या साली साहेबापेक्षा ताठ चालायचा. साहेबानं ती जागा एका गाडीवानाच्या जावयाला दिली. त्याला सही येत नव्हती, पण त्याच्या हाकेला साठ माणसं धावून येत.

असे तीन-चार महिने गेले. रोज दिवेलागणीला भगवंत घरी यायचा आणि मला खुंटीवर टाकायचा. पार्बताबाई म्हणायची, "भाकर वाढू?"

नशीब निघालं ते थोरल्याचं. सूर्यभान एकदा कुणाच्या तरी कापसाची बंडी घेऊन अकोल्याच्या बाजारात गेला. तिथल्या रामराव नावाच्या अडत्यानं त्याला हेरलं. त्याच्या चेहऱ्यामुळे हेरलं. अकरा वर्षं बैलांच्या पाठी पाहून सूर्यभानाचा चेहरा असा कोरा झाला होता की आनंद आणि पोटदुखी त्यावर सारखीच दिसायची. रामरावांना असाच माणूस हवा होता.

दिवाळीत सूर्यभान घरी आला आणि आईला म्हणाला, "माय, तो दुपट्टा दे. घट्ट विणीचा पायजे. पातळातून बोटं दिसतात."

भगवंतानं कागद माझ्यातून काढला आणि गाडग्यात ठेवला. कागद गाडग्यात गेला, मी बाजारात गेलो, आणि मोटेवर गेला भगवंत. युनिव्हर्सिटीची परीक्षा पास झालेला माळी मोट कशी हाकतो ते मला पाहता आलं नाही. पार्बताबाई नंतर सांगायची की निम्मं पाणी परत विहिरीतच जायचं.

अकोल्याचा तो बाजार मला आवडला, हे लपवत नाही. शेकडो बंड्या, पांढरे ढीग, उडणारी रुई, आणि एवढ्या गलक्यात मधेच दोन माणसं एकमेकांचा हात धरून गप्प उभी. त्यांच्या हातांवर एक कापड. याला हत्ता म्हणत. भाव तोंडानं सांगायचा नाही, कापडाखाली समोरच्याची बोटं दाबून सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा कळता कामा नये. वर दोघं पावसापाण्याचं बोलतात, खाली बोटं घासाघीस करतात. मी त्या बोटांवर पसरलेला असायचो. हसऱ्या चेहऱ्याच्या माणसाची बोटं थरथरताना मी पाहिली आहेत. गरीब दिसणाऱ्याची बोटं पोलादासारखी लागायची. सूर्यभानाची बोटं मोटेच्या दोरानं खरबरीत झालेली, पण बोलायला अशी सफाईदार की रामराव त्याला आपला उजवा हात म्हणू लागले.

मग एक दिवस सूर्यभानच घरी येऊन भगवंताला म्हणाला, "चाल अकोल्याले. रामरावले मुंबईहून तारा येतात, इंग्रजीत. वाचणारा मानूस पळाला. तुहा कागद तिथी कामी येईन."

भगवंताचा चेहरा त्या दिवशी कसा उजळला होता! त्यानं कागद गाडग्यातून काढला, झटकला, आणि जाताना आईच्या पाया पडला. घरात अखेर कागदाचं काही तरी होणार होतं.

पहिले पंधरा दिवस तारा पेढीवर आल्या. भगवंत त्या रामरावांना आतल्या खोलीत वाचून दाखवायचा. रामराव मान हलवायचे, "हुशार हाय लेकाचा." सूर्यभान बाहेरून ऐकायचा. एकदा तो माझ्या पदराला हात पुसत स्वतःशीच म्हणाला, "मोट फुकट नाई गेली." हे मी सोडून कुणी ऐकलं नाही. भगवंतानं ते ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मग तो चैत्रातला दिवस उजाडला. रामरावांच्या गुदामात रुई छतापर्यंत भरली होती. त्यांनी भाव आणखी चढेल म्हणून ती धरून ठेवली होती, आणि त्या दिवशी ती विकायची ठरली. घेणारा मुंबईच्या एका व्यापाऱ्याचा माणूस. सूर्यभानाचा आणि त्याचा हात माझ्याखाली. भोवती दहा-बारा शेतकरी रिकामे उभे, त्यांत अमरावतीकडचाच सहदेव नावाचा एक. त्यानंही आपला कापूस घरी दाबून ठेवला होता आणि मोठ्यांचा सौदा कसा होतो ते पाहायला आला होता. खाली बोटं एकमेकांच्या अगदी जवळ आली होती. आणखी दोन दाब आणि सौदा पुरा.

तेवढ्यात तारवाला पेढीवर न जाता थेट बाजारातच आला. रामरावांनी तार भगवंताच्या हाती दिली आणि सौद्यावरची नजर न काढता म्हणाले, "वाच."

बाजारात मोठ्यानं वाचायचं नसतं, हे भगवंताला कुणी सांगितलं नव्हतं. जन्मापासून बाजारात वावरणाऱ्या माणसांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. आणि वाच म्हटल्यावर कसं वाचायचं हे भगवंताला फार चांगलं शिकवलेलं होतं. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं वाचलं. आधी इंग्रजीत. मग, कुणाला कळलं नसेल म्हणून, मराठीत.

"अमेरिकेतली लढाई संपली. मुंबईत भाव कोसळले. असेल तो माल ताबडतोब विका."

माझ्याखालचा मुंबईवाल्याचा हात निघून गेला. इतक्या हलकेच गेला की सूर्यभानाची बोटं क्षणभर माझ्याखाली रिकाम्या जागेलाच दाबत राहिली.

रामराव काही ओरडले नाहीत. त्यांनी भगवंताच्या हातातून तार घेतली आणि म्हणाले, "दोघं भाऊ घरी जा." त्यांच्या गुदामातली रुई पुढे पावसात पिवळी पडली. त्यांची पेढी त्याच साली बसली. दुसऱ्याही पुष्कळ बसल्या, पण ते नंतर.

बाजारातून निघताना सहदेवानं भगवंताला गाठलं. "मास्तर, हे खरं हाय? मंग यंदा पेरावं काय?"

भगवंत चालता चालता म्हणाला, "पेरणी तुमाले कळते, मले नाई. पण कापसाचा भाव चढाचं काही कारण आता राह्यलं नाई."

सूर्यभान पुढे चालत होता. गावाबाहेर आल्यावर तो वळला आणि त्यानं मला भगवंताच्या अंगावर फेकलं. "घे तुहा दुपट्टा. पोपटाले तरी कळते गा, कधी गप राहावं ते!"

"दादा, मले कोनी सांगितलं नाई..."

"तीन वर्षं मुंबईत काय शिकून राहिला होता मंग?"

त्यानंतर दोघं एका घरात जेवले, एका विहिरीचं पाणी प्याले, पण सूर्यभान त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. तो परत मोटेवर गेला. हे काम आपण वाईट करतो हे भगवंताला माहीत होतं, म्हणून तो वाफ्यातलं पाणी वळवायचा. तिथेही त्याचं लक्ष नसायचं आणि मेथी बुडायची.

त्या साली वऱ्हाडातल्या कितीतरी गावांनी जुन्याच आशेवर कापूस पेरला आणि तो वेचणीची मजुरीही देईना. अकोल्याच्या बाजारात त्या दिवशी जे दहा-बारा जण उभे होते, त्यांच्या गावी ज्वारी उभी राहिली. दसरा झाल्यावर सहदेव बंडी घेऊन नत्थुजीच्या दारात आला. बंडीत ज्वारीची दोन पोती होती. पोती ओट्यावर टाकून तो म्हणाला, "आमच्या गावात शाळा काढाची हाय. मास्तर पायजे."

भगवंत आत जाऊन कागद घेऊन आला. सहदेवानं तो हातात घेतला, इकडून तिकडून पाहिला आणि परत दिला. "हे राहू द्या तुमच्यापाशी. आमाले मोठ्यानं वाचनारा मानूस पायजे."

नत्थुजी हसला, पार्बताबाईनं डोळ्यांना पदर लावला. सूर्यभान विहिरीवर होता, त्यानं बैल थांबवले नाहीत.

तर भगवंत मास्तर झाला. अमरावतीहून दीड कोसावरच्या सहदेवाच्या गावात, गोठ्याच्या जागेत भरणाऱ्या शाळेचा. पगार सांगण्यासारखा नाही. गाडीवानाचा तो जावई तोवर रुळांच्या कामातून वाडा बांधून मोकळा झाला होता. पोरांना लिहायला शिकवता शिकवता भगवंताची मोडीसुद्धा सुधारली. गावाला येणारा प्रत्येक कागद तो पारावर उभा राहून मोठ्यानं वाचायचा, सरकारचा असो नाही तर कुणाच्या सासऱ्याचा. मी त्याच्या खांद्यावर. शिकून काय भेटलं, असं त्याला येणारेजाणारे विचारत. तो हसून म्हणायचा, "मोजून राहिलो अजून." ते हसणं वरवरचं होतं. खांद्यावर असलेल्याला असल्या गोष्टी कळतात.

अशी चार वर्षं गेली. मग एका दुपारी, शाळा सुटायच्या बेताला, दारात सूर्यभान उभा राहिला. पायावर वाडीची माती, चेहरा नेहमीसारखा कोरा. तो पोरांच्या मागे जाऊन भिंतीला टेकून बसला. भगवंतानं धडा पुरा केला. पोरं गेली. दोघंचौघं दाराशी रेंगाळत राहिली.

"माय बरी हाय?" भगवंतानं विचारलं.

"बरी हाय."

"मिरची?"

"यंदा बरी हाय."

चार वर्षांनी झालेलं बोलणं ते एवढंच. मग सूर्यभान सरकत जवळ आला. दाराशी उभ्या पोरांकडे त्यानं एकदा पाहिलं, आणि भगवंताच्या खांद्यावरून मला ओढून दोघांच्या हातांवर पसरलं. जुनी सवय. मला वाटलं, आता कसला सौदा?

माझ्याखाली त्याची खरबरीत बोटं भावाच्या हाताशी आली. त्यांनी कुठलाच आकडा दाबला नाही. पंजा नाही, दोन नाही, तीन नाही. त्यांनी भगवंताचं एकच बोट धरलं, ते वळवलं, आणि आपल्या तळव्यावर टेकवून तसंच ठेवलं.

हत्त्याची भाषा भगवंताला कधीच आली नाही. एवढं मात्र त्याला कळलं. भावाच्या तळव्यावर, मोटेच्या दोरानं पडलेल्या घट्ट्यांवरून, त्यानं बोटानं हळूहळू एक अक्षर काढलं. सू. मग पुन्हा. मग पुन्हा. तिसऱ्या खेपेला सूर्यभानानं हात उलटवला आणि आपल्या जाड बोटानं तेच अक्षर धाकट्याच्या तळव्यावर काढलं. वाकडं आलं. पण आलं.

सवयीनं भगवंतानं छाती भरून श्वास घेतला आणि ते अक्षर उच्चारायला तोंड उघडलं.

"बे भगवंता," सूर्यभान पुटपुटला, "मोठ्यानं नको वाचू."

आणि तो हसला. त्या चेहऱ्यावर हसू कसं दिसतं ते मी तेव्हा प्रथम पाहिलं.

जाताना त्यानं मला मधोमध फाडून अर्धा नेला. पुढे दर आठवड्याला शाळा सुटली की तो येऊ लागला. इथे राहिलेला मी आता पोरांच्या पाट्या पुसतो. काठ विटला आहे, रंग खडूचा झाला आहे. फार दिवस टिकेन असं दिसत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. परीक्षेच्या त्या कागदाला कसर लागली, त्यानंही तक्रार केलेली ऐकली नाही.

एकच मागणं आहे. कधी अमरावतीकडे गेलात आणि नत्थुजीच्या वाडीत, विहिरीच्या धक्क्यावर, लाल काठाच्या अर्ध्या दुपट्ट्यानं झाकलेलं काही दिसलं, तर तो उचलून पाहू नका. खाली पाटी आहे. बैल दम खायला थांबले की मोटेवरचा माणूस ती घेतो. तो जोडाक्षरांपर्यंत आला आहे. त्याला अजून चारचौघांत वाचायचं नाही.